हाकेतले नाव



वर्धापनदिनानिमित्त आम्हांला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. विषय घेतला आहे नावांचा. पाळण्यातल्या नावाचा नव्हे, घरीदारी मारल्या जाणाऱ्या हाकेचा.

नाव आखूड करून हाक मारणे ही काही आजची रीत नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी गांधार देशातल्या पाणिनीने आपल्या व्याकरणात तिचे नियमच सांगितले आहेत. देवदत्त हे नाव लांब. मायेने हाक मारताना त्याचे देविक, देविय, देविल होई. पण खरी गोष्ट पुढेच आहे. 'क' हा प्रत्यय पाणिनी मायेसाठी सांगतो, तसाच तिरस्कारासाठीही सांगतो. अक्षर एकच; बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर अर्थ ठरतो.

बुद्धांच्या संघातही अशी नावे होती. गोतमी अंगाने कृश, म्हणून किसा गोतमी. भद्दिय नावाचे एक स्थविर ठेंगणे, म्हणून लकुंटक, म्हणजे बुटका भद्दिय. दिसायलाही ते बरे नव्हते. भिक्षू त्यांना तुच्छ लेखीत. श्रावस्तीला त्यांना येताना पाहून भगवंतांनी भिक्षूंना सांगितले, की हा भिक्षू मोठ्या सामर्थ्याचा आहे. मधुर आवाजाच्या भिक्षूंमध्ये त्यांना पहिले स्थान दिले. नाव 'बुटका' हेच राहिले, पण त्यातली हेटाळणी गेली.

आपल्या मराठीतला 'या' तसाच आहे. आई "सिद्ध्या, जेवायला ये" म्हणते, तेव्हा पोरगं धावत येतं. पण त्याच 'या'ने गावात आपल्या पांढऱ्या केसांच्या आजोबांना पोरसवदा माणसेही 'धोंड्या', 'कोंड्या' म्हणत. उलट बाबासाहेब रमाईंना रामू म्हणत. १९३५ साली त्या गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्याच स्मृतीस अर्पण केला. केवढा मान त्या दोन अक्षरांना!

तेव्हा बालमित्रांनो, वर्गातल्या कुणाला 'काळ्या', 'लंगड्या' म्हणण्याआधी लकुंटक भद्दिय आठवा. आणि मोठ्यांनो, दारात कचरा न्यायला येणाऱ्यालाही नाव असते. ते विचारून घेऊ या. आपल्या वाडवडिलांनी जे सोसले, ते आपल्या तोंडून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये.