बाभळीची ओळख

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या शहरी पाहुण्यास दुतर्फा एकच कांटेरी झाड दिसतें, आणि तिला बाभूळ म्हणून तो मोकळा होतो. शेतकऱ्याचें तेवढ्यानें भागत नाहीं. भूमध्य समुद्राकांठीं आमरीच्या सख्ख्या जाती निवडतांना अभ्यासक फुलाच्या ओठावरील लव नि ठिपके पाहतात; येथें शेंग, फांदी आणि साल पाहावी लागते.

देशी बाभूळ शेंगेवरून चुकत नाहीं. करड्या, लवदार शेंगेंत दर दोन बियांमध्यें आवळ पडलेली असते. जणूं मण्यांची माळच. फुलें पिवळीं, गोंडेदार. रामकाठी ही तिचीच बहीण. परंतु तिच्या फांद्या खराट्याच्या काड्यांप्रमाणें सरळ वर चढतात. सावली थोडी, म्हणून बांधावर ती पिकास जाचत नाहीं. हिवराची साल पिवळट पांढरी, फुलें मलईच्या रंगाचीं, शेंग चपटी.

खरा घोटाळा ‘वेडी बाभूळ’ या नांवाचा! मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला; त्यांत हें नांव देशी बाभळीच्याच एका प्रकारास जोडलेलें आहे. आज मात्र लोक त्याच नांवानें अमेरिकेंतील एका झाडास हांक मारतात. तें हिंदुस्थानांत १८७७ सालीं आलें. त्याचीं फुलें गोंड्यांत नव्हे, लांबट कणसांत येतात. शेंग पिवळसर, माळेसारखी आवळ नसलेली.

बारामती तालुक्यांत सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्य आहे, इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीचें गवताळ रान. हीं चिंकाऱ्याचीं घरें. परकी बाभूळ शिरली कीं गवत दबतें, म्हणून ती काढावीच लागते. परंतु मजुरास “वेडी तोडा” एवढेंच सांगितलें, तर कुऱ्हाड हिवरावर आणि देशी बाभळीवरहि पडावयाची. जिच्या लांकडाचीं औतें नि गाडीचीं चाकें झालीं, सालीनें कातडें कमावलें, शेंगांवर शेळ्या पोसल्या, ती बाभूळ नांवाच्या गोंधळापायीं जावी, हें फार वाईट.

शेंगा नसतील त्या दिवसांत पान हातांत घ्यावें. देशी बाभळीच्या पानास मधल्या काडीवर उपकाड्यांच्या तीन किंवा अधिक जोड्या असतात. परकीस बहुधा एक वा दोन. आणि परकी नुसती तोडून सोडूं नये; बुंध्यापासून ती पुन्हां फुटते. ती मुळासकट खणावी.