घरकुलाच्या डागडुजीचा पैसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवशी भिंतींच्या भेगांचा विषय काढते, याबद्दल प्रथम क्षमा मागते. परंतु २०२४ साली २१ मार्चला पहाटे आणि पुन्हा १० जुलैला सकाळी भूकंपाचे धक्के बसले, ते आपण विसरलो नाही. जुलैच्या धक्क्याचे केंद्र आपल्याच कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याकडे होते. पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवा, असे तेव्हा प्रशासनाने सांगितले. दगड उतरवायला खर्च नाही. पण वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून तो आकड्यांनी आवळून घ्यायचा, तर पैसा लागतो. तो आणायचा कोठून?

घरकुलाचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. ते हप्त्यांनी मिळते आणि घर उभे राहिले की हिशेब संपतो. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेसाठी थोडा वाटा असे. २०१६ पासूनच्या योजनेतला पैसा नव्या बांधणीचा. जुन्या घरकुलाला तडा गेला, तर तो मजुरीच्या पैशातून बुजवायचा!

मुंबईत १९६९ च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ झाले, उपकर बसला. तो पुरत नाही ही ओरड तेथेही आहेच. असो.

आपल्याला जवळचा दाखला किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे ८ हजार माणसे गेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली. ५२ गावे नव्याने वसवली, हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि जेथे घरे उभी राहिली पण खिळखिळी झाली, तेथे जागतिक बँकेच्या कर्जातून घरमालकांनाच मजबुतीसाठी हप्त्यांनी पैसे मिळाले. भिंतीत आरपार दगड घालणे, वरून पट्टा बांधणे, माळवदावरची माती कमी करणे, अशी ती कामे. गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या आणि लोकांना ही कामे समजावू लागल्या. चूल सांभाळणाऱ्या बायकाच होत्या त्या, आपल्यासारख्या.

पण तो पैसा माणसे गेल्यावर आला. आपण आधी मागू या. नुसता अर्ज ग्रामसभेत पडून राहतो, म्हणून प्रत्येक घराची भेग पाहून, गवंड्याकडून खर्चाचा अंदाज घेऊन, आकड्यासह ठराव मांडावा असे मला वाटते. त्यासाठी वही आणली आहे. चहा झाल्यावर प्रत्येकीने आपले नाव, घरकुलाचे साल आणि तडा कोठे गेला आहे, एवढे लिहून द्यावे.