माश्यांची खोली
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



थोर शास्त्रज्ञांची चरित्रे मुलांच्या हाती देताना आपण बहुधा एकाच माणसाचे चित्र रंगवितो. दिवा एक, रात्र एक आणि माणूसही एकटाच. थॉमस हंट मॉर्गन यांच्याविषयीही असेच होते. आनुवंशिकतेतील गुणसूत्रांचे कार्य उलगडून दाखविल्याबद्दल १९३३ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यास मिळाले, हे खरे. परंतु ते कार्य ज्या जागेत घडले ती पाहिली म्हणजे चित्रात गर्दी होऊ लागते. त्या जागेविषयीच आज बोलावयाचे आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ही खोली १६ फूट रुंद व २३ फूट लांब. तीत ८ टेबले. जिकडेतिकडे दुधाच्या बाटल्या, बाटल्यांत केळ्यांचा लगदा आणि त्यावर पोसलेल्या फळमाश्या, म्हणजे आपल्या घरी पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावतात तशीच बारीक चिलटे. त्यांची नवी पिढी १०-१२ दिवसांत तयार होते. आजोबांपासून नातवापर्यंतचा इतिहास महिन्याभरात डोळ्यांपुढे उभा राहावा, हा केवढा लाभ!

१९१० साली अशा तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत एक नर पांढऱ्या डोळ्यांचा निघाला. त्याच्या नातवंडांची मोजदाद झाली तेव्हा तांबड्या डोळ्यांच्या माद्या २,४५९, तांबड्या डोळ्यांचे नर १,०११ आणि पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२ भरले. पांढऱ्या डोळ्यांची मादी मात्र एकही नाही. डोळ्यांच्या रंगाचे हे जनुक लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेले असले पाहिजे, हा अर्थ त्यातून निघाला. नराजवळ तसले गुणसूत्र एकच असते व ते त्यास आईकडून मिळते. गंमत अशी की, मॉर्गन स्वतः तोवर मेंडेलच्या नियमांविषयी आणि गुणसूत्रांच्या उपपत्तीविषयी साशंक होते. परंतु त्यांच्याच विभागात पेशींचे थोर अभ्यासक विल्सन होते, आणि लिंग गुणसूत्रांवरून ठरते हे १९०५ साली दाखविणाऱ्या नेटी स्टीव्हन्स या पूर्वी मॉर्गन यांच्याच विद्यार्थिनी होत्या. म्हणजे पांढरा डोळा दिसण्यापूर्वीच तो ओळखणारी दृष्टी त्या परिसरात तयार होत होती.

आता त्या टेबलांशी बसणारी मंडळी पाहा. मॉर्गन केंटकीतील नामांकित घराण्यातले. स्टर्टेव्हंट यांचे बालपण अलाबामातील शेतावर गेले. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी जुळविता जुळविता त्यांस या शास्त्राचा नाद लागला. ब्रिजेस हे आजीने वाढविलेले पोरके मूल. बाटल्या धुण्याच्या कामावर ते लागले आणि बाटलीच्या जाड काचेतून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी एक वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची माशी ओळखली. मॉर्गन यांनी त्यांस धुण्याच्या कामावरून उचलून माश्या तपासावयास बसविले. आनुवंशिकतेचे शास्त्र रचणाऱ्या माणसांची कुळे इतकी भिन्न असावीत, ही गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेत मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

१९११ साली मॉर्गन यांच्याशी बोलता बोलता स्टर्टेव्हंट यांच्या मनात आले की, एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक वेळा होणार. मग ताटातुटीच्या प्रमाणावरून त्यांचे अंतर का मोजू नये? महाविद्यालयाचा अभ्यास बाजूस सारून त्यांनी ती रात्र त्यात घालविली आणि सकाळी गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार होता. १९१३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. आपल्या विद्यार्थिनिधीचे अर्ज गुणपत्रिका पाहून निकालात निघतात. त्या सकाळी गृहपाठ तपासला असता तर या मुलाचे काय झाले असते, कोण जाणे!

१९१५ साली मॉर्गन, स्टर्टेव्हंट, मुलर व ब्रिजेस या चौघांच्या नावांनी ग्रंथ निघाला. कल्पना प्रथम कोणाची, याचा हिशेब त्या खोलीत फारसा ठेवीत नसत, असे स्टर्टेव्हंट यांनी पुढे लिहिले. मुलर यांस मात्र तसे वाटत नव्हते. आपल्या कल्पना इतरांच्या नावावर गेल्या, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. मला दोघांचेही खरे वाटते. मोकळ्या बोलण्यात ज्याचे श्रेय हरवत नाही त्यास ते मोकळेपण गोड लागते. मॉर्गन यांच्या पत्नी लिलियन याही तेथेच काम करीत. दोन गुणसूत्रे एकमेकांस जोडलेली असलेली मादी १९२०-३० च्या दशकात त्यांनीच शोधली व तिचा पुढील संशोधनास फार उपयोग झाला. विद्यापीठात त्यांस पद नव्हते.

१९२८ साली मॉर्गन कॅलिफोर्नियास गेले, तेव्हा स्टर्टेव्हंट व ब्रिजेस त्यांच्याबरोबर गेले. पारितोषिक मिळाल्यावर त्याची रक्कम मॉर्गन यांनी स्वतःच्या मुलांबरोबर या दोघांच्याही मुलांत वाटली. मुलर त्या वाटणीत नव्हते. त्या वर्षी ते लेनिनग्राडला गेले होते. क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडविता येतात, हे त्यांनी १९२७ सालीच टेक्सासमध्ये दाखविले होते. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक १९४६ साली त्यांच्या एकट्याच्या नावे जाहीर झाले.