न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर आणि आपले नागरिकत्व
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘ज्ञातीचे भूषण’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. ती आम्ही शिरोधार्य मानली. परंतु ज्या गृहस्थांविषयी आज बोलावयाचे आहे, त्यांचे नाव आपल्या सभासदवहीत कधी नव्हते. त्यांची ज्ञात कोणती, ह्याची चौकशी आम्ही केलेली नाही. ते आपल्या बीडचे होते, एवढे आम्हांस पुरेसे आहे. ते पुरेसे का वाटावे, हेच आजच्या भाषणाचे सार समजावे.

न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर ह्यांचा जन्म १९३८ साली बीड येथे झाला. ते निजामी अमलाचे दिवस होते. हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मास येण्यापूर्वीच त्याच वर्षी तिच्यावर बंदी घालण्यात आली, आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे नाव आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असे. त्या फर्मानान्वये सरकारची परवानगी घेतल्यावाचून जाहीर सभा भरविता येत नसे. खासगी शाळा काढावयाची झाली तरी परवानगी हवी. कचेरीचा व न्यायाचा कारभार उर्दूत चाले; निकालातले अक्षरही न कळणारा मराठी कुळवाडी नुसता हात जोडून उभा राही. सप्टेंबर १९४८ मध्ये हे राज्य संपले. आजच्या मेळाव्यासाठी आपण ध्वनिक्षेपकाची परवानगी काढली. परंतु येथे कोण काय बोलणार, हे कोणी विचारले नाही. सभा भरविण्याचा आणि संघ स्थापन करण्याचा हा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिलेला आहे. आपले ज्ञातिमंडळ उभे आहे ते त्याच आधारावर.

अशा संस्थानात बालपण गेलेल्या ह्या मुलाने पुढे कायदा हेच आपले क्षेत्र मानले. लातूरच्या दयानंद महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकविले, तर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात कायदा शिकविला. बीडला व औरंगाबादला त्यांनी वकिली केली. १९९० मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले व १९९९ मध्ये निवृत्त झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्धा येथे भरलेल्या शहाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जानेवारी २०२५ मध्ये ते निवर्तले.

परंतु पदांची यादी म्हणजे माणूस नव्हे. आम्हांस त्यांचे मोठेपण वाटते ते निराळ्याच गोष्टीत. न्यायासनावरून उतरल्यावरही त्यांच्यातील शिक्षक निवृत्त झाला नाही. राज्यघटना, विधिमंडळे व न्यायसंस्था ह्यांविषयी त्यांनी मराठीत लिहिले, आणि आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरासही ते विषय जवळचे वाटू लागले. स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्रही त्यांनी लिहिले. विधिमंडळे आणि न्यायसंस्था ह्यांच्या संबंधास त्यांनी ‘संघर्षाचे सहजीवन’ असे नाव दिले. आम्ही शेतकऱ्याच्या घरचे. आम्हांस त्यावरून एका जुवाखालची बैलजोडी आठवते. दोन्ही बैल आपापल्या अंगाला ओढतात, म्हणूनच तास सरळ जाते.

हा ताण नाहीसा झाला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा आम्ही नुकतेच मॅट्रिक झालो होतो. पुढील एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला की, स्थानबद्ध केलेल्या नागरिकास सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना तेवढे एकटे विरुद्ध राहिले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरविला. एकट्याचे म्हणणे खरे ठरण्यास एक्केचाळीस वर्षे लागली.

बंधूंनो, ‘एकटा’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर उच्चारीत आहोत. घटनेने हक्क दिले ते समूहाला भिऊन राहणाऱ्या त्या एकट्यासाठी. सरकार हा मोठा समूह, आणि ज्ञात हाही एक समूहच होय.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यातील एका कुटुंबाच्या कन्येने ज्ञातीबाहेर विवाह केला. त्या वर्षीच्या स्मरणिकेतील कुटुंबयादीतून ते घर वगळावे, असे कार्यकारिणीत ठरले. मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे होते. तांबड्या शाईने ती ओळ आम्हीच खोडली. दुसऱ्या कोणी नव्हे. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पुढील वर्षी त्यांनी नेहमीप्रमाणे वर्गणी पाठविली, ती मंडळाने परत केली. त्यानंतर ते मेळाव्यास आले नाहीत. आता ते ह्या जगात नाहीत.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, व तो २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु शिक्षेच्या भयाने आम्ही हे सांगत नाही. गश्तीच्या नावाने वाडवडील ज्याला जुलूम म्हणत, तोच आम्ही एका तांबड्या रेघेने केला, हे न्यायमूर्तींची पुस्तके वाचताना आमच्या ध्यानी आले. चाळीस वर्षे मुलांस नागरिकशास्त्र शिकविले, परंतु तो धडा आम्ही स्वतः शिकलो तो निवृत्तीनंतर.

म्हणून आमची एक विनंती आहे. ते नाव आम्ही चिठ्ठीवर लिहून चिटणिसांच्या स्वाधीन केले आहे. यंदाच्या कुटुंबयादीत, त्या कन्येची व तिच्या भावांची संमती असल्यास, ते पूर्वीच्याच जागी छापावे, आणि मंडळाने त्यांच्या घरी जाऊन मेळाव्याचे निमंत्रण द्यावे. त्या वेळी सोबत येण्यास आम्ही तयार आहोत. निर्णय सभेचा आहे.

‘ज्ञातीचे भूषण’ कोण, असा प्रश्न आम्हांस घातला होता. जी ज्ञात आपल्यातील एकट्या माणसास सन्मानाने जगू देते, तिला भूषणे बाहेरून शोधून आणावी लागत नाहीत.