ओझ्यातला शब्द

मी गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी नुसती घोकली. कळली ती पेट्यांवरची अक्षरं वाचताना. जुन्या रोमच्या लॅटिन भाषेत ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं. ‘एक्स’ बाहेर, ‘इन’ किंवा ‘इम’ आत, ‘ट्रान्स’ पलीकडं. झाले एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. ओझं वाहणारा पोर्टरही त्याच घरातला. म्हणजे साहेबाच्या रुबाबदार शब्दांच्या मुळाशी हमालच निघाला!

‘सब’ म्हणजे खालून. खालून उचलून धरणं, तो सपोर्ट. आता सांगा, ह्या शहराला सपोर्ट कुणाचा?

अन् ‘रे’ म्हणजे परत. पाहिलेलं परत आणून सांगणं, तो रिपोर्ट. माझी कविता तेवढंच करते.

एक मूळ हाती आलं, सहा शब्द उघडले. इंग्रजीचं कुलूप बघून मागं फिरू नका.