दुष्काळी भागांतील विद्यार्थी व त्यांच्या सोबत्यांचा अन्ननिधी

(दुष्काळ निवारण समितीच्या पुणे येथील वार्षिक सभेत व्यापारी, बागायतदार व इतर देणगीदार मंडळींपुढे झालेले भाषण)



समितीच्या जमाखर्चाचे तक्ते या अहवालाच्या शेवटी छापलेले आहेत. चारा, पाणी व बियाणे या तिन्ही बाबींचा विचार आपण दरसाल करीत आला आहात, व त्यांविषयी आम्ही नव्याने काही सांगावे असे उरलेले नाही. आज आपला वेळ घ्यावयाचा आहे तो एका लहानशा खात्याकरिता. या शहरातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे एक सेवामंडळ आहे. दुष्काळी तालुक्यांतून येथे शिकावयास आलेल्या आपल्याच सोबत्यांना दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून त्या मंडळाने एक निधी उभारला आहे. त्या निधीस समितीने आपल्या गंगाजळीतून जोड द्यावी की देऊ नये, हा प्रश्न मागील सभेत निघाला आणि त्यावर मतभेद होऊन तो तसाच राहिला. आक्षेप घेणारे गृहस्थ आमचे जुने स्नेही आहेत. त्यांचे आक्षेप पोकळ नाहीत, आणि म्हणूनच त्यांस सविस्तर उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तडकलेली जमीन आणि हाडे निघालेली जनावरे उभी राहतात. पण जत, सांगोला, करमाळा, आष्टी अशा तालुक्यांत खरीप बुडाला की त्याचा एक धक्का दोन-तीन महिन्यांनी पुण्याच्या एखाद्या पेठेतल्या भाड्याच्या खोलीत येऊन पोचतो. बापाने दिवाळीनंतर पाठवावयाचे पैसे येत नाहीत. मुलगा प्रथम घरी काही बोलत नाही, कारण घरची स्थिती तो जाणतो. तो येथेही काही बोलत नाही, कारण येथे त्याची स्थिती कोणास ठाऊक नाही. दोन वेळचा डबा तो एक वेळचा करतो. पुढे तोच एक डबा खोलीतल्या दोघांत वाटला जातो. परीक्षेच्या आधी एखाद्या सकाळी तो वळकटी बांधून एसटी गाठतो, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फुल्या पडू लागतात. मुलींच्या बाबतीत गोष्ट याहून लवकर उरकते. ‘एवढे वर्ष घरी ये, पुढचे पुढे पाहू’ असा निरोप येतो, आणि ते पुढचे वर्ष म्हणजे बहुधा लग्नाचे वर्ष असते.

महाराष्ट्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत आणि पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा जाहिरनाम्याबरोबर ज्या सवलती मिळतात त्यांत जमीन महसुलातील सूट, शेतकी कर्जाच्या वसुलीस स्थगिती, पंपांच्या वीजबिलात सूट, टँकर, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, इतक्या बाबी असतात. ही शेवटची सवलत चांगली आहे व तीबद्दल सरकारचे आभार मानले पाहिजेत. परंतु परीक्षेची फी माफ झालेला मुलगा परीक्षेच्या दिवसापर्यंत काय खाऊन या शहरात राहावयाचा, याची सोय कोणत्याही कलमात नाही. २०१८-१९ साली दोन वेळच्या साध्या खानावळीस येथे महिन्याला अडीच-तीन हजार रुपये पडत. फीपेक्षा हा खर्च पुष्कळ मोठा आणि तो दरमहा उभा. त्या वर्षी या शहरातल्या विद्यार्थ्यांनीच वर्गण्या गोळा करून दुष्काळी भागातील सोबत्यांच्या डब्यांची सोय लाविली, हे आपणांपैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. ज्या सेवामंडळाविषयी आम्ही बोलत आहो त्याने हाच कित्ता पुढे गिरविला आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बागायतदार मंडळींचा. ते म्हणतात, ‘आधी चारा, आधी बी; शिक्षण हे पोट भरल्यावरचे काम.’ या म्हणण्यात शेतकऱ्याचा अनुभव आहे. पण येथेही प्रश्न पोटाचाच आहे; ते पोट गावापासून शेदोनशे मैल दूर आहे, इतकाच फरक. १८९७ च्या दुष्काळात जो अखिल हिंदुस्थानचा धर्मादाय निधी उभारला गेला, त्याने खर्चाचे चार उद्देश ठरविले होते. सरकारी मदतीस थोडी जोड देणे, अनाथ मुलांचे पोषण करणे आणि सर्वस्व गमावलेल्या कुळांना बैल-बियाणे देऊन पुन्हा उभे करणे हे त्यांतले तीन. उरलेला एक असा की, जी अब्रूदार गरीब माणसे वाटेल ते हाल सोशील पण सरकारी मदत मागावयास येणार नाहीत, त्यांना घरपोच साह्य करावे. ज्या कमिट्यांनी हा उद्देश घातला त्यांस माणसाची पारख होती असे म्हटले पाहिजे. खडी फोडावयास जाणारा मजूर मस्टरवर दिसतो. त्याची गणती होते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती, हे आपण सांगू शकतो ते मस्टर होते म्हणून. दाराआड उपाशी बसलेल्याचे मस्टर नसते. डबा अर्धा करणारा विद्यार्थी याच वर्गातला. तो आपल्या समितीच्या दारी अर्ज घेऊन येईल अशी वाट पाहिली, तर खाते कोरेच राहील आणि आपण समजू की गरजच नाही.

मग तो सापडावा कसा? येथेच या सेवामंडळाची करामत आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. या मुलांनी महाविद्यालयात अर्ज मागविले नाहीत. ते प्रथम खानावळवाल्यांकडे गेले. कोणी दोन वेळचा डबा मोडून एक वेळचा केला, कोणाचे बिल दोन महिने थकले, कोण अचानक ‘उपास आहे’ असे वारंवार सांगू लागला, हे खानावळीच्या मावशींस जितके ठाऊक असते तितके कोणा प्राध्यापकासही नसते. त्यांच्या वहीतून नावे निघाली. नंतर त्या त्या विद्यार्थ्याच्या तालुक्याची, गावाची, घरच्या जमिनीची चौकशी त्याच भागातून आलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाकडून गुपचूप झाली. आम्ही वकिलीत पुष्कळ वर्षे घालविली आहेत, साक्षीपुरावा कसा जमवितात ते थोडेबहुत जाणतो. परंतु एवढ्या थोड्या गाजावाजात एवढी खात्रीची चौकशी आमच्या पाहण्यात फारशी आलेली नाही.

पैसा विद्यार्थ्याच्या हाती दिला जात नाही. महिनाअखेर खानावळीचे बिल येते, त्यावर मंडळाच्या दोघांच्या सह्या व एका प्राध्यापकांची सही होते, आणि रक्कम परस्पर खानावळीच्या खात्यात जमा होते. डब्यासाठी जी कुपने असतात ती पैसे भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या सर्वांस एकाच रंगाची असतात. म्हणजे पंगतीत शेजारी बसलेल्यासही कळू नये की कोणाचे जेवण कोणाच्या पैशाचे. मागील वर्षी एका देणगीदार गृहस्थांनी डबे वाटतानाचे छायाचित्र मागितले, तेव्हा मंडळाच्या चिटणीस मुलीने त्यांस नम्रपणे पण साफ नकार दिला. ते गृहस्थ थोडे रागावले. आम्हांस मात्र त्या नकारानेच या निधीविषयी प्रथम भरवसा वाटला.

आणि हा पैसा त्यांनी मिळविला कसा? आपल्या दुकानी पावतीपुस्तक घेऊन ते आले असतील. पण त्याआधी त्यांनी स्वतःचे काय दिले तेही पाहावे. स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीचा खर्च त्यांनी रद्द करून निधीत घातला. दर रविवारी घराघरांतून रद्दी गोळा करून ती वजनावर विकली. दिवाळीत चिवडा-चकल्यांची ऑर्डर घेतली, आणि जिन्नस आणण्यापासून पिशव्या पोचविण्यापर्यंतचे काम वाटून घेतले. रद्दीच्या पैशाने फार मोठी रक्कम होत नाही, हे खरे. परंतु ज्याच्या खिशात स्वतःचेच थोडे आहे त्याने रविवार मोडून जमविलेला रुपया आणि आपण गल्ल्यातून सहज काढून दिलेला रुपया, हे जमेच्या बाजूस सारखेच लिहिले जातात; हिशेबाच्या वहीत याला इलाज नाही.

दुसरा आक्षेप व्यापारी मंडळींचा: विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, वर्गण्या हे त्यांचे काम नव्हे. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा एका रसायनशास्त्रज्ञाने फार चांगले दिले आहे. १९२१ साली खुलना जिल्ह्यात दुष्काळ पडला आणि १९२२ साली उत्तर बंगालात महापूर आला, तेव्हा आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी मदतीचे काम अंगावर घेतले. कलकत्त्याच्या ज्या सायन्स कॉलेजात ते शिकवीत, तेथेच मदतकार्याचे ठाणे झाले. विद्यार्थी कपड्यांचे व धान्याचे गठ्ठे बांधू लागले, आणि लाखो रुपयांचे साह्य त्या हातांतून पुरग्रस्तांस पोचले. हे राय कोणी भाबडे संन्यासी नव्हते. ‘बंगाल केमिकल’ हा औषधांचा कारखाना उभारणारे ते पुरुष. पैशाचा हिशेब कसा ठेवावा हे त्यांस पक्के ठाऊक होते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती मोठे काम निर्धास्तपणे सोपविले. आपल्याकडेही २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि १९७३ साली तिची शिबिरे ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ याच नावाने भरली. तेव्हा दुष्काळात विद्यार्थी वर्गाबाहेर येतात ही काही आजची टूम नव्हे.

मदत घेणाऱ्या मुलांकडून काही काम करवून घ्यावे, नुसते फुकट देऊ नये, अशीही एक सूचना आली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण त्या गृहस्थांनी दिली, ती योग्यच आहे. साताऱ्यास १९२४ साली निघालेल्या त्यांच्या वसतिगृहातील मुले श्रम करीत. परंतु त्याच वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही दिले, हेही त्याच आठवणीत येते. मुलांनी काम करावे हे आम्हांस मान्य आहे, आणि यांतली पुष्कळ मुले सकाळी वर्तमानपत्रे टाकून वा संध्याकाळी दुकानात उभी राहून काम करीतच आहेत. त्यावर आणखी काम लादले तर अभ्यासाचा जो थोडा वेळ राहतो तोही जाईल. ज्या व्यापारी बंधूंस ही सूचना मनापासून पटत असेल त्यांनी आपल्या पेढीवर दोन-तीन तासांचे, पगाराचे काम देऊ करावे. मंडळ नावे कळवील.

पुणे शहरास ही गोष्ट परकी नाही. येथे कित्येक पिढ्या मुले माधुकरी मागून व वार लावून जेवली. ती चाल सर्व जातींच्या मुलांस खुली नव्हती, आणि ती गेली यात खेद करण्यासारखे काही नाही. पण तिची जागा घेण्यासाठी या शहराने १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती अशा संस्था काढल्या. त्यांच्या वसतिगृहांत ज्यास जागा मिळाली तो सुटला. ज्यास मिळाली नाही, आणि ज्याचा दुष्काळ प्रवेशाच्या तारखेनंतर येतो, तो या निधीचा मानकरी.

वकिलास सवय म्हणून दोन शब्द कायद्याचे. जाहीर वर्गणी गोळा करणाऱ्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कायद्याचे बंधन आहे, आणि विद्यार्थ्यांच्या मंडळास त्या कटकटीत ढकलणे इष्ट नाही. म्हणून आमची सूचना अशी की, मोठ्या देणग्या समितीच्या नावे घ्याव्यात, समितीने पावती द्यावी, आणि रक्कम ‘विद्यार्थी अन्ननिधी’ या वेगळ्या खात्यात ठेवून मंडळाने पाठविलेल्या बिलांप्रमाणे खर्च करावी. ज्यांस आयकरात सवलत मागावयाची असेल त्यांनी दोन हजारांवरील देणगी रोखीने देऊ नये. २०१७ पासून तशा रोख देणगीस सवलत मिळत नाही. धनादेश किंवा बँकेतून परस्पर भरणा करावा. निधीची वही दर शनिवारी सायंकाळी समितीच्या कचेरीत उघडी असेल. तीत विद्यार्थ्यांची नावे नसतील, क्रमांक असतील, पण प्रत्येक बिल पाहता येईल.

देणगीचे मान आम्ही एका विद्यार्थ्याच्या एका महिन्याच्या डब्यावर धरले आहे. ऑक्टोबरात पिकाचा अंदाज कळतो व परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत संपतात; म्हणजे एका मुलाचे अथवा मुलीचे वर्ष वाचवावयास सात महिने पुरे होतात. ज्यांस सात महिने झेपतील त्यांनी सात लिहावेत, ज्यांस एक झेपेल त्यांनी एक लिहावा. आडत्यांच्या दुकानांतून धान्य व डाळ येणार असेल तर तेही चालेल. खानावळवाले ते भावाने वजा करून घेण्यास कबूल आहेत.

हा ठराव अध्यक्ष महाराजांनी मतास घालावा अशी विनंती आहे. आकड्यांची यादी खजिनदारांच्या टेबलावर आहे, आणि सेवामंडळाची दोन मुले व एक मुलगी दाराजवळ बसली आहेत. त्यांस काही विचारावयाचे असेल तर आताच विचारावे. साडेसातला त्यांना रद्दीचा टेम्पो परत करावयाचा आहे.