विषयांची निवड : कोणी करावी आणि कशी?

वऱ्हाडातील शाळा जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. येथील उन्हाळा कडक. म्हणून उर्वरित महाराष्ट्रापेक्षा येथे शाळेची घंटा थोडी उशिराच वाजते. पहिल्या पावसाने काळी जमीन भिजलेली असते आणि घरोघरी कपाशीच्या लागवडीची घाई चाललेली असते. अशा धांदलीत सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलाचा बाप शाळेत येतो, हातातील कागद शिक्षकांपुढे धरतो आणि म्हणतो, "गुरुजी, पोराले कोन्ता विषय द्या लागते, थे तुमीच सांगा."

त्या कागदावर एक लहानसा रकाना असतो. संपूर्ण हिंदी घ्यावयाचे, संपूर्ण संस्कृत घ्यावयाचे, की पन्नास गुणांचे हिंदी आणि पन्नास गुणांचे संस्कृत असा संयुक्त अभ्यासक्रम पत्करावयाचा? शाळेच्या जन्मात मुलापुढे आलेली ही बहुधा पहिलीच निवड. तोवर काय शिकावे हे इतरांनी ठरविलेले असते. आता प्रथमच त्याला विचारले जात आहे; निदान कागदावर तरी तसे दिसते.

प्रत्यक्षात मात्र मुलाला कोणी विचारीत नाही. शेजारच्या मुलाला संस्कृतात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळालेले असतात. तेवढ्यावरून घरात निकाल लागतो. दहावीच्या टक्केवारीत सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरण्याची रीत असल्यामुळे भरघोस गुण देणाऱ्या विषयाचे मोल वडील मंडळींना अधिकच वाटते. हा हिशेब अगदीच खोटा आहे असे नाही. ज्या घरात शिष्यवृत्तीवाचून पुढील शिक्षण होणे नाही, त्या घराने गुणांकडे डोळेझाक करावी असे सांगणे म्हणजे भरल्या पोटाने उपासाचा उपदेश करण्यासारखे होईल. परंतु गुणांसाठी घेतलेल्या संस्कृताचे पुढे काय होते, तेही पाहावयास हवे. शब्दरूपे पाठ होतात, भाषांतरे पाठ होतात, आणि दहावीचा शेवटचा पेपर झाला की पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. तीन वर्षांत एखादा श्लोक स्वतःच्या बुद्धीने उलगडण्याचा आनंद त्या मुलाला एकदाही मिळालेला नसतो.

मुलांनी निवड कोणत्या वयात करावी, हा वाद आपल्या देशात जुनाच आहे. सन १९५२-५३ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक शिक्षण, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट त्या आयोगाने सुचविले होते. हेतू चांगला होता. सर्वांना एकाच साच्यात घालू नये, ज्याच्या हाताला कसब आहे त्याला कसबाचे शिक्षण मिळावे, ही त्यामागील दृष्टी. अडचण एवढीच की त्या योजनेत मुलाला आपला मार्ग तेरा-चौदाव्या वर्षीच धरावा लागे. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने याचा फेरविचार केला आणि पहिली दहा वर्षे सर्वांना सर्वसामान्य शिक्षण द्यावे, वाटा फुटावयाच्या त्या दहावीनंतर फुटाव्यात, असे मत दिले. महाराष्ट्रात या नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेत विषयनिवडीचे स्वातंत्र्य वाढवावे आणि कला व विज्ञान यांतील भिंत पाडावी, असे पुन्हा म्हटले आहे. म्हणजे सत्तर वर्षांत लंबक एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेला.

या इतिहासातून पालकांना घेण्यासारखी एक गोष्ट आहे. सर्व निवडी सारख्या वजनाच्या नसतात. काही निवडींनी पुढची दारे बंद होतात, काहींनी होत नाहीत. आठवीच्या रकान्यात हिंदी लिहिले काय किंवा संस्कृत लिहिले काय, मुलाचे गणित सुटत नाही, विज्ञान सुटत नाही, इतिहास-भूगोलही सुटत नाही. डॉक्टर, अभियंता, वकील वा शिक्षक होण्याची कोणतीही वाट त्या अक्षरांनी अडत नाही. खरा फाटा दहावीनंतर येतो. अकरावीत जो विज्ञान शाखा सोडतो, त्याला वैद्यकाचे दार पुढे उघडत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पदवी घेण्याची आकांक्षा धरणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलानेही हे आधीच जाणून असावे, कारण त्या पदवीची वाटसुद्धा सर्वसाधारणपणे बारावीच्या विज्ञानावरून जाते. तंत्रनिकेतनाची आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची दारे दहावीनंतर लगेच उघडतात, हेही पुष्कळ घरांत वेळेवर कळत नाही.

असे असता आपल्या घरांत नेमके उलट घडते. जेथे चुकले तरी फारसे बिघडत नाही, तेथे वडीलधारी मंडळी मुलाचा हात धरून लिहितात, आणि जेथे चुकल्यास वर्षे वाया जातात, तेथे पंधरा-सोळा वर्षांच्या त्याच मुलाला एकाएकी विचारतात, "बोल, तुला काय व्हायचे आहे?" ज्याने आजवर स्वतः काहीच निवडले नाही, आपल्याला काय आवडते आणि काय झेपते याचा शोधच घेतला नाही, तो काय उत्तर देणार? तो मित्राकडे पाहतो आणि मित्र ज्या रांगेत उभा असेल त्या रांगेत जाऊन उभा राहतो. पोहावयास शिकवावयाचे ते कमरेइतक्या पाण्यात. आठवीची निवड हे तसे उथळ पाणी आहे. तेथे मुलाला हातपाय मारू द्यावेत. वडिलांनी काठावर उभे राहावे, लक्ष ठेवावे. पण त्याच्या वतीने स्वतः पोहू नये.

आवडीने घेतलेला विषय पोट भरील काय, ही शंका येथे कोणी काढील. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ मध्ये एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांचे उदाहरण त्यांनी आठवावे. पंजाबराव विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले. परंतु ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट मिळविली ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर. शेतकऱ्याच्या पोराला वेदांचा काय उपयोग, असे त्या काळी पुष्कळांनी मनात म्हटले असेल. तेच पंजाबराव परत येऊन अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभारतात आणि १९५२ पासून १९६२ पर्यंत भारताचे कृषिमंत्री होतात. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि आज ते त्यांचेच नाव धारण करून आहे. संस्कृताने त्यांना शेतीपासून दूर नेले नाही. मनापासून केलेल्या अभ्यासाने बुद्धीला जे वळण लागते, ते कोणत्याही कामी येते.

मात्र आवड ही आकाशातून पडत नाही. मुलाला विषयाची गोडी लागते ती बहुधा कोणा माणसामुळे. गोपाळ गणेश आगरकर गरिबीशी झगडत, शाळेसाठी गावे बदलीत अखेर अकोल्यास आले. तेथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरू लाभले. महाजनींनी शेक्सपियरची नाटके मराठीत आणली. पुढे आगरकरांनीही 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले. म्हणून ज्या शिक्षकापुढे तो बाप कागद घेऊन उभा असतो, त्याचे काम एका शब्दात उत्तर देऊन संपत नाही. त्याने मुलाला हिंदीच्या आणि संस्कृताच्या वर्गात आठ-आठ दिवस बसू द्यावे, दोन्ही पुस्तके चाळू द्यावीत, आणि मग विचारावे.

अर्थात निवडीच्या या गोष्टी अमरावती-अकोल्याच्या मोठ्या शाळांत शोभतात, हेही सांगितले पाहिजे. जेथे संस्कृताचा शिक्षकच नाही तेथे रकाना असून नसल्यासारखा. मेळघाटातील कोरकू मुलाची स्थिती तर याहून अवघड. त्याच्या घरची बोली मुंडा कुळातील. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा त्याला परक्या. शाळेत तो तीन परभाषांचे ओझे उचलतो, आणि त्याच्या आवडीची भाषा कोणती असे त्याला कोणी विचारीत नाही. जी मुले शहरात आहेत, ज्यांना खरोखरच निवड करता येते, त्यांच्या पालकांनी ही संधी शेजाऱ्याच्या गुणपत्रिकेवर उधळून टाकू नये.

त्या कागदाच्या तळाशी पालकाच्या सहीसाठी जागा असते. मुलाच्या सहीसाठी बहुधा नसते. सही बापानेच करावी, तो त्याचा अधिकार आहे. मात्र लेखणी टेकण्यापूर्वी त्याने कागद एक रात्र घरी न्यावा, जेवणे झाल्यावर मुलाला जवळ बसवावे आणि विचारावे, "तुला काय शिकावेसे वाटते, आणि का?" मुलाला पहिल्या दिवशी उत्तर देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तो काहीतरी बोलेल. जे बोलेल ते त्या रकान्यात लिहावे, आणि शाळेत नेऊन द्यावे.